अर्जुनीहून गोंदियाला, पिज्जाची भट्टी पाहायला

"पाव करणाऱ्याच्या मांडीवर माझा नातू बसणार नाही," असं म्हणून मामाजी ताटावरून उठले. मामाजी म्हणजे माझे सासरे. भात ताटात तसाच राहिला, आन् माझं गोंदियाला जाणं तिथंच ठरलं.

माझ्या दामूचं जावळ वैशाखात काढायचं होतं. कोणाच्या घरी पोरगं मामाच्या मांडीवर बसते, आमच्यात बापाच्या मांडीवर बसते. बाप डोकं धरते, न्हावी केस काढते. आन् दामूचे बाबा तर गोंदियात भट्टी घालून बसले होते. लढाईच्या वेळी हे फौजेत होते, इटली म्हणून मुलूख आहे तिकडं. लंगरात रोट्या भाजायचे. लढाई सरली, घरी आले, माझ्याशी लग्न झालं, पण धानाच्या बांधीत यांचं मन काही लागलं नाही. दामू पोटात होता तेव्हाच गोंदियाला गेले. मग गावातला एक जण तिकडून बाजार करून आला आन् चावडीत सगळ्यांसमोर बोलला, "तुमचा पोरगा साहेब लोकांचा पाव करून राहिला."

आमच्याकडं पावाचं भेव लय जुनं आहे. बुढे लोक सांगतात, कुठंतरी विहिरीत कोणी पाव टाकला, लोक ते पाणी पिले आन् गावचं गाव बाटलं. आन् पाव फुगते तो सिंदीनं, झाडाच्या दारूनं, हेही सगळ्यांना ठाऊक.

"तू जा," मामाजी मले म्हणाले. "डोळ्यानं पाहून ये. पीठ कायनं फुगते ते विचार. दारूनं फुगत असन तं सांग त्याले, भट्टी मोड आन् घरी ये. नाही मोडली तं जावळाले चुलता बसन."

"मी जाऊ?" मी विचारलं.

"मंग कोण?" मामीजी, म्हणजे सासू, चुलीपासून बोलल्या. "हे गेले तं बापलेकाचं भांडण होईन. तुझ्यासमोर तो खोटं नाही बोलणार."

मी तोवर रेल्वेत कधी बसली नव्हती. शाळा दोन वर्ग. पोरगं अंगावर पिणारं. मले रेल्वेचं भेव होतं, शहराचं भेव होतं, आन् सगळ्यात मोठं भेव हे की खरंच बाटले असतील तर? मग दामू चुलत्याच्या मांडीवर बसणार, आन् बाप जिवंत असून गाव पाहत राहणार. ते काही मले सहन होणार नव्हतं. मी गाठोडं बांधलं.

जाणाऱ्या बायांसाठी सांगते. आमचं गाव अर्जुनीपासून आत आहे, बैलगाडी पहाटे जुंपली तर गाडीच्या वेळेवर पोचते. आमच्याकडची लाइन छोटी. डबे लहान, इंजिन लहान, पण धूर मोठ्या इंजिनाएवढाच. इंजिनापासून दूरच्या डब्यात बसा, नाही तर कोळशाची कणी डोळ्यात जाते. लेकरू असलं तर त्याच्या तोंडावर पदर धरा. खायचं घरून न्या. मी लाखोळीच्या डाळीचे वडे नेले होते आन् पितळेच्या डब्यात बासी. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवला की सकाळी बासी होते, कांदा-मीठ लावून खायची. उन्हाळ्यात पोट थंड राहते.

सोबतीला गावातली गयाबुढी होती. तिची लेक मुर्रीला दिली आहे, म्हणजे गोंदियाच्या कडेलाच. बुढी रेल्वेनं दहादा गेलेली, म्हणून डब्यात मालकिणीसारखी मांडी घालून बसली.

समोर मोहफुलांची टोपली घेऊन एक बाई होती. माझ्याकडं पाहून म्हणे, "काऊन वो, पोरगं एवढं झाकून ठेवलं? चोरून आणलं का?"

मी काही बोलायच्या आत गयाबुढी म्हणाली, "चोरलं असतं तं गोरंपान चोरलं असतं."

सगळा डबा हसला, मीही हसली. माझं अर्धं भेव तिथंच उतरलं. सौंदडला गाडी लय वेळ उभी राहते, तिथं फुटाणे चांगले मिळतात, गरम. हिरडामालीच्या पुढं दोन्हीकडं रान. मोहाचा वास डब्यात येत होता आन् दामू झोपून गेला होता.

गोंदिया टेशन पाहून मात्र मी गयाबुढीचा पदर धरला. मोठी लाइन, मोठी इंजिनं, माणसं धावून राहिली, सगळे हिंदीत ओरडून राहिले. गयाबुढीनं मले टांग्यापाशी आणून सोडलं आन् ती मुर्रीकडं गेली. टांगेवाल्यांना आपण गावचे दिसलो की आठ आणे मागतात. मलेही आठच मागितले.

"कहाँ जाना है बाई?"

"फुलचूरच्या रस्त्याले. फौजीची भट्टी."

"अरे, फौजी रोटीवाला? उसकी घरवाली है क्या?" त्यानं दामूकडं पाहिलं. "नाक तो वही है. चार आना दे दो, और बोलना मेरे लिए एक लहसुन वाली रख दे."

टांगेवाला यांची रोटी खाते, हे ऐकून मले बरं वाटू का वाईट, ते कळेना.

भट्टी म्हणजे फुलचूरच्या रस्त्याला एक कौलारू शेड. मागं मातीविटांचा घुमट, वारुळासारखा, पुढून तोंड उघडं. आत एका बाजूला धावड्याची लाकडं जळत होती. धावड्याचा निखारा टिकते, ते आम्हालाही ठाऊक आहे. हे बाहेर आले. हात कोपरापर्यंत पिठात. दामूला पाहून हात पुढं केले आन् परत मागं घेतले, पीठ होतं म्हणून. दामूनं मिशा पाहिल्या आन् भोकाड पसरलं.

मी गाठोडं खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "तुमी बाटले का?"

हे हसले. "प्रवासानं दमली असशीन. आधी पाणी पी."

"पाणी नंतर. सांगा."

"पाहून तूच सांग," हे म्हणाले. "सगळं तुझ्यासमोर करतो. आन् पाव मी करतच नाही. हा पिज्जा आहे."

तो शब्द मी पहिल्यांदा तिथं ऐकला. लोक फौजी रोटीच म्हणायचे. त्या संध्याकाळी यांनी मले सगळं सांगितलं. नापोली म्हणून समुद्राकाठचं शहर आहे, जवळच आगीचा डोंगर. तिथल्या गरिबांचं हे खाणं. आधी नुसती रोटी, वरून लसूण, तेल आन् ओव्यासारखा एक पाला. मग भेदरं आलं, टमाटर हो. ते तिथलं नाही, जहाजातून आलं, आन् पहिले कितीक वर्षं लोक विषारी समजून खातच नव्हते. मी म्हटलं, आमच्या मामीजी अजून भेदरं देवाला दाखवत नाहीत. हे म्हणाले, "मंग त्या नापोलीच्याच."

पुढं त्यावर म्हशीच्या दुधाचा छेना, फाटलेल्या दुधाचा गोळा, आला. एका राणीसाठी लाल भेदरं, पांढरा छेना आन् हिरवा पाला घालून केली, म्हणे त्यांच्या झेंड्याचे रंग. खरं-खोटं नापोलीवाल्यांना ठाऊक. तिथं रस्त्यात उभं राहून चार घड्या घालून खातात. लढाईत भट्ट्या पडल्या, लाकूड मिळेना, तेव्हा बायांनी तीच कढईत तळून विकली. रोम शहरात अजून वेगळी, लांब पत्र्यावर भाजतात आन् कापून तोलून देतात. हे नापोलीत एका बुढीच्या भट्टीवर जायचे. फौजेतलं पीठ तिला द्यायचे आन् ती शिकवायची. भाषा येत नव्हती. बुढी हातावर चापट मारायची, तेवढं कळायचं.

मी सगळं ऐकलं पण खाल्लं नाही. वडे होते ते खाल्ले.

सकाळी हे सायकलवर मुर्रीला दूध आणायला गेले. छेना रोज घरीच करतात. दूध तापवून आंबट ताक घालायचं, फाटलं की फडक्यात बांधून लटकवायचं. नापोलीसारखा तो लांबत नाही, यांना त्याचं दुःख आहे. मले रिकामं बसायची सवय नाही. मी शेड झाडली, भांडी घासली. कोपऱ्यात झाकलेलं एक मडकं होतं. झाकण काढलं तर आंबट वास आला. आत कालचं-परवाचं फसफसलेलं पीठ. आमच्या घरी शिळं पीठ रात्रभर ठेवत नाहीत, त्यावर भुतं येतात म्हणतात. मी म्हटलं, बाई नसली की पुरुषाच्या घराचं हे असंच होते. पीठ नेऊन उकिरड्यावर टाकलं, मडकं राखेनं घासून उन्हात पालथं घातलं.

हे आले. पालथं मडकं पाहिलं. सायकल तशीच पडली.

"यातलं पीठ कुठं आहे?"

"टाकलं. खराब झालं होतं."

हे खालीच बसले. मग म्हणाले, "त्यानंच तं सगळं फुगते. रोज थोडं काढतो, रोज थोडं टाकतो. आज संध्याकाळी रेल्वेच्या लोकांचा कार्यक्रम आहे, एक ड्रायव्हर पेन्शनीत चालला. पाहुण्यांची सगळी रोटी माझ्याकडून आहे."

"काठवटीत लागलं असन थोडं," मी म्हटलं.

हे उठून लाकडाच्या काठवटीकडं गेले. मग माझ्याकडं पाहिलं.

"तेबी घासली," मी म्हटलं.

"बाबानं सांगितलं का तुले असं करायले?" यांचा आवाज चढला. "भट्टी मोडायले पाठवलं का?"

"पाठवलं," मी म्हटलं. "पण मोडायची असती तं विटा काढल्या असत्या, मडकं कायले घासलं असतं?"

दामू रडायला लागला. मी त्याला पाजायला घेतलं आन् पाजता पाजता विचारलं, "त्या पिठात पहिल्यांदा काय घातलं होतं? खरं सांगा."

यांनी भट्टीत एक लाकूड सरकवलं. मामीजी बरोबर बोलल्या होत्या, खोटं बोलता येत नाही यांना. "पहिल्यांदा सिंदी घातली होती. थोडी. दुसरं काही सापडलं नाही. त्याच्यानंतर कधीच नाही."

"मंग बरं झालं टाकलं."

"बरं झालं? आन् आता फुगवू कायनं? तुझ्या तोंडानं?"

माणूस रागावला की काहीही बोलते. मी विचार करत होती. फसफसणारी वस्तू म्हणजे काही सिंदीच नसते. माझ्या पितळेच्या डब्यात घरची बासी राहिली होती. प्रवासात खाल्लीच नव्हती, हसण्यात विसरली होती. झाकण उघडलं तर पाण्यावर बारीक बारीक बुडबुडे. वास तोच, मडक्यासारखा. जरा गोड.

"हे घाला," मी म्हटलं.

"बासी?" हे म्हणाले. "पिज्जात बासी?"

"नापोलीच्या बुढीजवळ नव्हती म्हणून नाही घातली तिनं."

यांना हसू आलं, पण हसले नाहीत. दुसरा उपायच नव्हता. भात कुस्करून गाळला, पाणी घेतलं, त्यात मैदा कालवला, थोडा गूळ टाकला आन् मडकं भट्टीच्या पाठीशी ठेवलं, जिथं ऊब असते. फडकं झाकलं. आम्ही दोघंही घडीघडी फडकं उचलून पाहायचो, पाळण्यातलं पोरगं झोपलं का ते पाहतात तसं. दुपारी वर छिद्रं दिसली. यांनी त्यात उरलेला मैदा, मीठ, पाणी घालून मळायला घेतलं. मळायचं म्हणजे आपल्या पोळीच्या पिठासारखं नाही. तळहातानं ढकलायचं, दुमडायचं, परत ढकलायचं, घाम येईस्तोवर. मी मदत म्हणून एक गोळा घेतला आन् लाटणं मागितलं.

"लाटणं नाही!" हे ओरडले. "हवा निघून जाते. बोटानं पसरव. मधून बाहेर. काठ जाड ठेव."

मी पसरवली. पहिली फाटली. दुसरी गोल झाली, दामूच्या डोक्यासारखी एका बाजूला चपटी. वर भेदरं हातानं कुस्करून, लसूण, छेना, जवसाचं तेल. वरून हिरवी पानं तोडायला लागले तेव्हा मी हात धरला. "तुळस? रोटीवर?"

"सब्जा आहे. तुळशीची बहीण. तुळस मागं वृंदावनात आहे, जाऊन पाय पड."

खरंच मागं वृंदावन होतं. डब्याच्या पत्र्याचं, पण होतं. उदबत्तीची राखही होती. बाटलेला माणूस तुळशीला पाणी कायले घालन?

भट्टी तापली का ते पाहायला यांनी आत चिमूटभर पीठ फेकलं. लगेच काळं झालं तर थांबायचं, बदामी झालं तर टाकायची. लांब दांड्याच्या फळीवर रोटी घेऊन एक झटका दिला की ती विटांवर जाऊन बसते. फुगली नाही तर यांचं नाव जाणार होतं, आन् ते माझ्या हातानं. आधी काहीच झालं नाही. मग काठ हलला. एका बाजूनं वर आला, मग दुसऱ्या बाजूनं, आन् त्यावर काळे ठिपके पडले. रोजच्याएवढी नाही फुगली, हे मीच सांगते. पण फुगली.

संध्याकाळपर्यंत आम्ही करतच राहिलो. नेणारी माणसं आली तेव्हा त्यांच्यासोबत त्या ड्रायव्हरसाहेबाची मडम होती, फ्रॉकातली, म्हातारी. तिनं एक तुकडा तोडून खाल्ला.

"आज थोड़ा खट्टा है फौजी," ती म्हणाली.

यांचं तोंड उतरलं.

"अच्छा खट्टा है," ती म्हणाली आन् दुसरा तुकडा घेतला.

सगळे गेल्यावर शेवटची एक राहिली होती. यांनी ती चार घड्या घालून स्वतः खायला घेतली. मले विचारलं नाही. माझ्यावर जोर केला नाही, हे मी अजून मानते. मीच हात पुढं केला. खाताना मामाजी दिसत होते, ती विहीर दिसत होती. वरून करपलेलं, आत नरम, भेदराचं आंबटगोड, लसणाचा झणका, आन् सगळ्याच्या मागं आपल्या घरच्या बासीची चव. मी अख्खी खाल्ली. काही झालं नाही. दामूला भूक लागली, त्याला पाजलं, तो प्याला आन् झोपला.

तुम्ही गोंदियाला गेलात तर फुलचूर रस्त्याला जरूर जा. संध्याकाळी जा, सकाळी भट्टी थंड असते. लसणाची स्वस्त आहे आन् मले विचाराल तर तीच चांगली. छेन्याची गरमच खा, थंड झाली की चामडं. मागायला लाजू नका, तिथं रिक्षावालेही येतात आन् राइस मिलचे शेठही येतात. सिंधी लोक तर म्हणतात, आमच्या तंदूरची मावसबहीण आहे.

परतताना हे टेशनवर आले. "जावळाले येतो," म्हणाले. "दारातून परत पाठवलं तं परत जाईन. भट्टी नाही मोडणार."

घरी पोचली तेव्हा मामाजी ओट्यावर बसले होते. मामीजींनी पाणी दिलं. कोणी "प्रवास कसा झाला" विचारलं नाही.

"दारू घालते का?" मामाजी.

"पहिल्यांदा सिंदी घातली होती," मी म्हटलं. "ते पीठ मी उकिरड्यावर टाकलं. आता आपल्या बासीच्या पाण्यानं फुगते. मी माझ्या हातानं घातलं. तुळशीला रोज पाणी घालतात, तेबी पाहिलं."

मामाजींनी मान खाली घातली. मग हळूच विचारलं, "तू खाल्ली?"

इथं खोटं बोलता आलं असतं. "खाल्ली," मी म्हटलं. "अख्खी."

"मंग तू चुलीपाशी नको जाऊ," ते म्हणाले.

"नाही जात," मी म्हटलं. "पण हे पोरगं माझंच दूध पिते, मामाजी. ती रोटी खाऊन पाजलं त्याले. मी बाटली तं तेबी बाटलं. मंग जावळ कोणाचं काढता?"

मामीजी उठल्या, दामूला माझ्या कडेवरून घेतलं आन् मामाजींच्या पुढ्यात ठेवलं. "घ्या," त्या म्हणाल्या. "पाहा कुठून बाटलं ते. मले तं काही दिसत नाही." दामूनं मामाजींच्या धोतराचा काठ धरला आन् तोंडात घातला. त्या दिवशी भात मीच शिजवला.

आता घरी बसून विचार करते तर प्रवासातलं रान, टेशन, गर्दी यातलं फार काही राहिलं नाही. एवढं मात्र राहिलं की भेव वाटते तिकडं गेलं की ते लहान होते. यंदाचे धान निघाले की आम्ही दोघंही, मी आन् दामू, फुलचूरला राहायला चाललो.

जावळाचं सांगायचं राहिलं. वैशाखात हे आले. दारात कोणी अडवलं नाही. कोणी या म्हटलं नाही, पण पाट मांडलेला होता. दामू यांच्या मांडीवर बसला आन् रडून रडून लाल झाला. यांनी दोन्ही हातांनी त्याचं डोकं घट्ट धरलं. मामाजी बाजूला उभे होते. न्हाव्यानं वस्तरा कानाजवळ आणला तेव्हा मात्र ते एकदम पुढं वाकले.

"हळू फिरव रे बाबा," न्हाव्याला म्हणाले. "बोटं आहेत तिथं त्याची. उद्या भट्टीवर जायचं आहे त्याले."